सुन्निपिंडी आणि सातच्या बातम्या

माझी अक्का फोनवर बोलते तेव्हा मध्ये श्वास घेत नाही. त्या दिवशी तिने एका दमात सांगून टाकलं, की अलिवेलूला काकिनाड्याच्या केबल चॅनलवाल्यांनी बातम्या वाचायला बोलावलंय, ती तुझ्याकडेच राहील, तिला सकाळी उपाशी बाहेर पाठवू नकोस, आणि ती टीव्हीवर दिसणार असेल त्या दिवशी आधी कळव, मी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय. त्यांच्या पिठापुरमपर्यंत याच केबलची तार जाते, म्हणून एवढा उत्साह.

"अगं, अजून परीक्षा व्हायचीय तिची," मी म्हटलं.

"परीक्षा कसली? वाचायचंच ना?" असं म्हणून अक्काने फोन ठेवला.

आवाजाच्या बाबतीत अक्काला बोल लावायला जागा नाही. घरात आम्ही तिच्या लेकीला अल्ली म्हणतो. ही अल्ली नुसतं 'दूधवाला आलाय' म्हणाली तरी माणूस हातातलं काम ठेवून ऐकत राहतो. पण देवाने एका हाताने आवाज दिला आणि दुसऱ्या हाताने तिच्या तोंडावर तेलाची वाटी उपडी केली. सकाळी धुतलेला चेहरा दहा वाजता तळलेल्या पापडासारखा. वर कपाळावर आणि हनुवटीवर पुटकुळ्या. शाळेत स्वातंत्र्यदिनाचं गाणं दरवर्षी तिचंच असायचं, पण पुढे तेलुगु तल्ली, म्हणजे तेलुगु माता बनून, हातात भाताच्या लोंब्या घेऊन हेडमास्तरांची गोरी पुतणी उभी राहायची, आणि आमची अल्ली पडद्यामागे माइक धरून गायची. एका वर्षी मी बघायला गेले होते. टाळ्या पडल्या तेव्हा पुतणीने वाकून नमस्कार केला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि तो राग मी काढला अक्कावर. अक्का म्हणाली, "जाऊ दे गं. आवाज तर आपलाच होता ना?"

आता ती आमच्याकडे आली तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधी तिने मला, तिच्या पिन्नीला म्हणजे मावशीला, विचारलं, "पिन्नी, इथे समोर बसूनच वाचतात ना? टीव्हीवर दिसतात ना?"

"दिसतात तर. जोगाराव दिसत नाही का रोज?"

जोगारावगारू म्हणजे आमच्या केबलचे संपादक, मालकाचे मेहुणे, आणि गेली कित्येक वर्षं रोज संध्याकाळी सातच्या बातम्या वाचणारा माणूस. काकिनाड्यात कुणाला त्यांचं नाव आठवलं नाही तर ओठांवर बोट आडवं धरून दाखवतात. एवढी त्यांची ती पांढरीशुभ्र, भरदार मिशी. हल्ली त्यांचा घसा बसायला लागला होता, डॉक्टरने बोलणं कमी करायला सांगितलं होतं, म्हणून त्यांच्या जागी कुणीतरी हवं होतं. स्टुडिओ आमच्या मागच्याच गल्लीत, सायकलच्या दुकानावरती.

अल्ली तिथून परत आली ती सरळ मोरीत गेली आणि नळ सोडला. बराच वेळ बाहेर येईना. मी दार वाजवलं.

"काय म्हणाले?"

"आवाज सोनं आहे म्हणाले." नळ चालूच. "पण दिव्याखाली सगळा जिड्डु दिसतो म्हणाले."

आमच्याकडे चेहऱ्यावरच्या तेलालाही जिड्डु म्हणतात आणि चिकटून बसणाऱ्या, पिच्छा न सोडणाऱ्या माणसालाही. त्यामुळे तो शब्द ऐकला की आपण कुणाला तरी नकोसे झालोय असंच वाटतं.

"पुढच्या शुक्रवारी परत ये, तोवर चेहऱ्याचं काहीतरी कर, म्हणाले. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नको, आतल्या खोलीत बसून नुसता आवाज दे. पगार तोच." मग परत म्हणाली, "पगार तोच, पिन्नी." आणि मग आतून रडण्याचा आवाज आला. जोगाराव समोर असता तर चार शब्द सुनावले असते मी.

त्यानंतर घरात साबणाचं राज्य सुरू झालं. उठल्यावर साबण, न्याहारीनंतर साबण, बाहेरून आल्यावर साबण, उगाच आरशात बघितलं की साबण. तोही अंगाचा, आणि तो चेहऱ्यावर असा घासायची की मी मुलांची दप्तरंसुद्धा तशी घासली नसतील. मग लिंबू चोळून झालं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पुटकुळ्यांवर टूथपेस्ट. दोन दिवसांत नाकाच्या कडेची साल निघायला लागली, गाल लाल झाले, आणि तेल? तेल होतं तिथेच होतं, उलट जास्तच.

"तोंड आहे का तवा आहे तो?" मी ओरडले.

"मग काय करू? सांग ना तू!"

मी काय सांगणार? मी पोस्टात काउंटरवर बसते. दिवसभर माणसांची तोंडं बघते, पण ती धुवायची कशी हे मला कुणी विचारलेलं नाही.

उत्तर होतं ते आमच्या अत्तय्यांकडे. अत्तय्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला 'पिकू दे अजून' म्हणून त्या चालढकल करतायत, आणि नाक तर तपकीर ओढून ओढून केव्हाच कामातून गेलंय. पण जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचं एकच औषध, ते म्हणजे सुन्निपिंडी. मूग डाळ, कचोरा, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या आणि हळद दळून केलेलं अंगाला लावायचं पीठ. हळदीच्या बाबतीत त्यांचा हात फार सैल. दिवाळीला, लग्नात, बाळंतिणीला हेच पीठ. पण घोळ असा, की उडीद भाजून दळलेलं जे पीठ आम्ही सुन्नुंडलुच्या लाडवांसाठी करून ठेवतो, त्यालाही घरात सुन्निपिंडीच म्हणतात. एक खायची, एक लावायची. आमच्यात जन्मलेल्या माणसाला कुठली कधी ते बोलण्याच्या ओघात कळतं. निदान आजवर कळत होतं.

"इकडे ये," म्हणून अत्तय्यांनी अल्लीला धरलं, आणि सोललेल्या गालांवर ती जाडीभरडी पिंडी खसाखसा चोळली. पोर कळवळली.

"मामम्मा, आग होतेय!"

"आग होते म्हणजे गुण येतोय."

मी मध्ये पडले नसते तर त्यांनी गुण येईपर्यंत सोडलं नसतं.

मग अल्ली फॅन्सी शॉपमध्ये गेली, सोबत मी. तिथल्या पोरीने काउंटरवर बाटल्यांची रांगच लावली. हा आधीचा, हा नंतरचा, हे त्यावरचं पाणी, हे रात्रीचं, हे उन्हाचं. "ताई, सगळा सेट घेतला तरच फरक पडतो," ती म्हणाली. अल्लीने पर्समध्ये बघितलं. टीव्हीवर नेसायला एक चांगली साडी घे म्हणून अक्काने पैसे दिले होते, तेवढेच तिच्याजवळ. ती एक बाटली उचलायची, मागची किंमत वाचायची, खाली ठेवायची, परत तीच उचलायची. मला ते बघवेना.

"साडी कुणीतरी देईल गं," शेवटी ती हळूच म्हणाली. "चेहरा कोण देणार?"

मी तिचा दंड धरला आणि दुकानाबाहेर काढलं. साडी माझी नेस म्हणाले असते मी, पण एवढ्या बाटल्या विकत घेऊन पोरगी आणखी कुठून सोलून निघेल याची मला खात्री होती. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि तिला सरकारी दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. केसपेपर काढा, बाकावर बसा, सरका, परत सरका. अखेर नंबर लागला. बाईंनी चष्मा वर करून अल्लीकडे बघितलं.

"काय काय लावलंस?"

अल्लीने सांगितलं. साबण, लिंबू, टूथपेस्ट, सुन्निपिंडी.

"चटणी वाटायची होती का?" बाई म्हणाल्या. "हे बघ, तेल येणं हा रोग नाही. तू घासून घासून कातडी सोलून काढलीस, ती जखम आधी भरू दे. अंगाचा साबण तोंडाला लावायचा नाही. तो फार जहाल पडतो. तेलकट त्वचेसाठी साधा सौम्य फेसवॉश मिळतो, औषधाच्या दुकानात माग, सगळ्यात स्वस्त असेल तो चालेल, वास नसलेला. सकाळ-संध्याकाळ एकेकदा, आणि घाम आला तर आणखी एकदा. बोटांनी लावायचा, घासायचा नाही. मऊ पंच्याने टिपायचं, पुसायचं नाही. वरून पातळ, तेल नसलेलं मॉइश्चरायझर."

"तेलकट तोंडाला आणखी क्रीम?" मी विचारलं.

"कोरडं पडलं की आणखी चिडतं ते. तुमच्यासारखं." बाईंनी कागदावर खरडलं. "पुटकुळ्यांना हे मलम, रात्री, थोडंसं. फोडायच्या नाहीत. महिना-दीड महिन्याने दाखवा."

"पण मॅडम, पुढच्या शुक्रवारी माझी..." अल्ली म्हणाली.

"त्वचेला शुक्रवार कळत नाही, अम्मा," बाई म्हणाल्या, पण मायेने म्हणाल्या. "चला, पुढचा."

औषधवाल्याने जे दिलं ते सगळं मिळून त्या सेटच्या एका बाटलीच्या किमतीत आलं, आणि साडीचे पैसे शिल्लक राहिले. अल्लीला ते खोटंच वाटत होतं. "एवढंच?" ती परत परत विचारायची. "सकाळ-संध्याकाळ, एवढंच?" तिच्या हाताला घासायची सवय लागली होती. आरशासमोर उभी राहिली की बोटं आपोआप नळाकडे जायची. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अल्ली!" की ती नळ बंद करायची. अंगाचा साबण मी मोरीतून काढून माझ्या कपाटात ठेवून दिला.

अत्तय्यांना हे अजिबात पटलं नव्हतं. "ट्यूबमधल्या शेंबडाने कुणाचं तोंड उजळलंय?" त्या रोज सकाळी पिंडीचा डबा घेऊन अल्लीच्या मागे लागायच्या. शेवटी वैतागून अल्लीने तो डबा स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर, आवकायच्या म्हणजे कैरीच्या लोणच्याच्या बरणीमागे लपवला.

शुक्रवार जवळ आला. सालपटं गेली, लाली उतरली, पुटकुळ्या जरा बसल्या. चेहरा शांत झाला म्हणा ना. पण दुपार झाली की कपाळ चमकायचंच. गुरुवारी सकाळी ती आरशासमोर नुसती उभी होती. ना नळ, ना ट्यूब.

"पिन्नी, उद्या नाही होणार हे."

मी खोटं बोलू शकले नाही. तिला जवळ घेतलं, एवढंच.

त्याच दिवशी संध्याकाळी मी पोस्टातून घरी येते तर बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्चीत जोगारावगारू बसलेले. मी चपला काढता काढता ओळखलं, माणूस काहीतरी वाईट गोष्ट चांगल्या शब्दांत सांगायला आलाय. अल्लीने आत दाराआडून मला बघितलं आणि मान खाली घातली.

अत्तय्यांचा मात्र उत्साह ओसंडून चालला होता. रोज टीव्हीवर ऐकलेला माणूस साक्षात घरी आलेला! त्यांनी बाजारची काजे मिठाई काढू दिली नाही. "पहिल्यांदा आलेत. घरचंच द्यायचं," म्हणत त्या स्वयंपाकघरात शिरल्या. उडदाच्या पिठाला मुंग्या लागत होत्या म्हणून तो डबा मी आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये ठेवला होता. जागेवर डबा दिसेना, तशी त्यांनी आतूनच हाक मारली, "अल्ली, सुन्निपिंडी कुठे ठेवलीस गं?"

अल्लीला वाटलं, उद्याच्यासाठी म्हातारी शेवटचा हात मारायला निघाली. तिच्या अंगात वाद घालायचंही त्राण नव्हतं. "वरच्या फळीवर, मामम्मा. आवकायच्या बरणीमागे."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण माझं सगळं लक्ष समोरच्या माणसाकडे होतं.

"अम्मा," जोगारावांनी घसा खाकरला, "मुलीला उगाच उद्या त्या दिव्याखाली पुन्हा बसवायचं, आणि मग नाही म्हणायचं... मला ते बरं वाटेना. म्हणून आजच आलो. तिने आतल्या खोलीत बसावं. चित्रं आम्ही दाखवू, आवाज तिचा. तेही मानाचंच काम आहे."

"नाव दाखवाल तिचं?"

"नाव..." ते अडखळले. "चित्रांवर नाव कुठे दाखवणार, अम्मा?"

माझ्या जिभेवर आलं होतं ते बोलले असते तर ते परत कधी आमच्या गल्लीतून गेले नसते. पण पाहुण्याच्या तोंडात गोड पडायच्या आधी त्याला कडू बोलायचं नाही, एवढं वळण आईने लावलेलं. तेवढ्यात अत्तय्या ताटली घेऊन आल्या. ताजे वळलेले लाडू, तुपाने ओथंबलेले, रंगाने पिवळसर. मुगाच्या पिठाचेही लाडू करतात आमच्याकडे, तसलेच केले असतील असं मला वाटलं.

जोगारावांनी एक उचलून सरळ अर्धा तोंडात टाकला. चावला. थांबले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी येऊन गेलं.

"कसे झालेत, बाबू?" अत्तय्यांनी विचारलं.

"फार... औषधी आहेत."

"घरचं तूप आहे."

"तरीच."

उरलेला अर्धाही त्यांनी खाल्ला. गृहस्थ सभ्य, हे कबूल करायला हवं. "एकावर उठू नये," म्हणत अत्तय्यांनी दुसरा त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला चमत्कारिक वाटलं. मी ताटलीतला एक उचलून चावा घेतला, आणि एकदम माझं लहानपण, सणाच्या दिवशीची तेलाची आंघोळ, आईने डोक्यावर मारलेली टपली आणि तोंडात गेलेलं पीठ, सगळं आठवलं.

"अत्तय्या, हे कसल्या पिठाचे?"

"कसल्या म्हणजे? सुन्निपिंडीचे. अल्लीने सांगितला तोच डबा."

दाराआडून अल्ली तोंडावर हात धरून बाहेर आली. जोगाराव हातातल्या लाडवाकडे बघत होते.

"म्हणजे ही..."

"अंगाला लावायची आहे, सार," अल्ली रडकुंडीला येऊन म्हणाली. "पण काही होणार नाही. मूग आहे, हळद आहे, कचोरा..."

जोगाराव शांतपणे म्हणाले, "मी सकाळी आंघोळ केली होती, अम्मा."

आधी मला हसू फुटलं, मग अल्लीला, आणि हसता हसता माझं लक्ष गेलं त्यांच्या मिशीकडे. ती पांढरीशुभ्र मिशी तूप आणि हळदीने माखून खालच्या कडेने पिवळीधमक झाली होती. मी गप्पकन हसू आवरलं. ते त्यांच्याही ध्यानात आलं. आरशात बघून ते उडालेच. सात वाजायला फार वेळ नव्हता.

"साबण! साबण द्या आधी!"

अल्ली म्हणतेय, "सार, साबण नको," तोवर अत्तय्यांनी धुण्याच्या साबणाची वडी त्यांच्या हातात दिलीसुद्धा. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं ते स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे, पण मिशीवाल्या पुरुषांना कसं असणार? त्यांनी खसाखसा घासली आणि मान वर केली. मिशी लालभडक. कुंकवाची बोटं ओढावीत तशी.

"लिंबू चोळा," अत्तय्या म्हणाल्या. लिंबू चोळलं. मिशी परत पिवळी झाली. घाबरून त्यांनी परत साबण लावला. परत लाल.

"आता ठरवा," मी म्हटलं, "लाल हवी का पिवळी."

"पिन्नी!" अल्ली मला दटावून पुढे झाली. तिने त्यांच्या हातातून साबण काढून घेतला. स्वतःची ट्यूब आणली. "सार, घासू नका. वरची कातडी बघा किती लाल झालीय. हे बोटांनी लावा, हलकं. धुवा. आता टिपा. पुसू नका, टिपा." त्यांनी शाळकरी मुलासारखं सगळं केलं. आग थांबली. रंग थोडा उतरला, पण मिशी गुलाबी राहिली ती राहिलीच.

"काढून टाका," मी म्हटलं. "महिन्याभरात येईल परत."

"मिशी काढू?" ते ओरडले. "गावाला वाटेल आमची अम्मा गेली! लोक हार घेऊन दारात येतील. आणि अम्मा स्वतः रोज सातला टीव्हीसमोर बसते. तीच घाबरून जाईल!"

ते मोरीच्या उंबऱ्यावर टेकले. तोंड अर्धं पंच्याने झाकलेलं. एवढा मोठा माणूस, पण डोळे भरून आले होते. खरं सांगते, मला त्यांची दया आली.

"असलं तोंड घेऊन मी लोकांसमोर कसा बसू?" ते म्हणाले.

अल्ली त्यांच्यासमोर ट्यूब धरून उभी होती. तिने घाई केली नाही.

"मग सार, आज तुम्ही आतल्या खोलीत बसा," ती म्हणाली. "मी बाहेर बसते."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ते चिडले असते आणि सुटले असते. त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. स्वयंपाकघरातल्या धगीने तिचं कपाळ, नाक, गाल, सगळं चमकत होतं. ती खाली बघत नव्हती. मग त्यांनी पंचा तोंडावरून काढला.

"दिवा फार तापतो गं," ते म्हणाले.

"माहितेय, सार. बसलेय मी एकदा."

"साडी आहे का बरी?"

मी तोवर कपाट उघडलेलं होतं. माझी हिरवी मंगळगिरी काढली, तिला नेसवली. तिने तोंड धुतलं, टिपलं, अत्तय्यांनी पुढे केलेला पावडरचा डबा हसून बाजूला सारला, आणि ती जोगारावांच्या मागोमाग जिना उतरली. ते तोंडाला रुमाल लावून, गल्लीच्या कडेकडेने चालले होते.

मी अक्काला फोन लावला. "सात वाजता टीव्ही लाव."

"आवाज येणार?"

"दिसणार."

अक्का जन्मात पहिल्यांदा गप्प बसली.

सात वाजले. आधी दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात, मग केबलचं संगीत, आणि मग ती. टेबलामागे, माझ्या साडीत. खाली पट्टीवर नाव, अलिवेलू. पहिलं वाक्य म्हणताना आवाज किंचित कापला, दुसऱ्याला सरळ झाला. मासेमारी बंदीची बातमी झाली. पाइपलाइन फुटल्याने उद्या कुठल्या भागात नळाला किती वाजता पाणी येणार ते झालं. तोवर तिचं कपाळ चमकायला लागलं होतं. मग नाक. मग गालांवरून घाम आणि तेल एक होऊन उतरायला लागलं. मी देवाचं नाव घेत पदराचं टोक पिळत बसले. तिच्या डोळ्यात थेंब गेला असावा, कारण तिने एकदा डोळा मिटला.

आणि मग एक बातमी संपली, दुसरी सुरू व्हायच्या आधी, ती थांबली. तिने टेबलावरचा रुमाल उचलला. घाई न करता कपाळ टिपलं, नाक टिपलं, दोन्ही गाल टिपले. सगळ्या काकिनाड्यासमोर. रुमालाची घडी घातली, खाली ठेवला, आणि पुढची बातमी वाचायला घेतली.

"का थांबली गं?" अत्तय्यांनी विचारलं. त्यांना धूसरच दिसत होतं.

"तोंड पुसलं तिने," मी म्हटलं, आणि पदराने माझेही डोळे टिपले.

बातम्या संपल्यावर थोड्या वेळाने जोगारावांचा फोन आला. मला वाटलं, झालं, आता बोलणार.

"अम्मा," ते म्हणाले, "इतकी वर्षं मी त्या दिव्याखाली बसलो. घाम डोळ्यांत जायचा, झोंबायचा, अक्षरं दिसायची नाहीत. पण तोंड पुसायची छाती झाली नाही कधी. वाटायचं, लोक काय म्हणतील." मग म्हणाले, "उद्यापासून तीच बसेल. परीक्षा वगैरे काही नाही."

"आणि लोक?" मी विचारलं. "लोक काय म्हणाले?"

"कुणी काहीच नाही, अम्मा. एकच फोन आला होता, उद्या नळाला पाणी किती वाजता येणार ते परत सांगा म्हणून."